मागणी

"तुमच्या पाड्याची विजेची मागणी किती?" हा प्रश्न मी माझ्या तोंडाने विचारलाय. नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर, शाळेच्या एकुलत्या एक खोलीत सतरंजीवर बसून. पुण्याहून निघाले तेव्हा प्रश्न अगदी सरळ वाटला होता, कारण आमच्या कामात मागणी म्हणजे एक आकडा असतो, किलोवॅटमध्ये किंवा मेगावॅटमध्ये, आणि तो फॉर्मवरच्या चौकटीत बसतो.

गुरुजींनी तो पावरीत, म्हणजे तिथल्या आदिवासी भाषेत, करून सांगितला. खोलीत जरा कुजबुज झाली, आणि मग मागे भिंतीला टेकून बसलेली एक आजी बोलायला लागली ती चांगली पाच-सात मिनिटं बोलत राहिली, हातवारे करून, आणि मध्ये मध्ये दोघी-तिघी तिचं वाक्य उचलून पुढे नेत होत्या. मी पेन उघडून बसलेले, आकड्याची वाट बघत. शेवटी गुरुजी माझ्याकडे वळले. "मॅडम, ती म्हणते मागणी आम्ही लई वर्षं करतोय. तहसीलवर मोर्चा नेला तेव्हा केली, साहेब लोक आले तेव्हा केली, ग्रामसभेत केली. तुम्ही आता परत विचारताय, तर आधीचा कागद कुठं गेला?"

मला उत्तर देता आलं नाही. मराठीत मागणी घालतात ती मुलीला, मागणी करतात ती मोर्च्यात, आणि मागणी असते ती बाजारात. आम्ही इंजिनिअर लोक जी मागणी म्हणतो ती यातली तिसरी, पैसे देऊन घेणाऱ्याची. आजीला दुसरी ऐकू आली होती, हक्काची. गुरुजींनी भाषांतर बरोबरच केलं होतं, आमच्या फॉर्ममध्ये तिच्या मागणीला जागाच नव्हती इतकंच.

ही गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची. तेव्हा मी एका कन्सल्टन्सीत होते, विजेच्या मागणीचे अंदाज बांधायच्या कामावर. हे काम नक्की कसं चालतं ते सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे असं मला आता वाटतं. मागच्या दहा-बारा वर्षांत किती युनिट विकली गेली त्याचे आकडे घ्यायचे, घरगुती, व्यापारी, कारखाने, शेतीपंप असे वेगवेगळे, त्याला लोकसंख्या, उत्पन्न, एसी किती वाढतील, इलेक्ट्रिक गाड्या किती येतील असं सगळं लावायचं आणि रेघ पुढे ओढायची, दहा वर्षं, वीस वर्षं. केंद्रीय वीज प्राधिकरण देशासाठी असाच सर्व्हे करतं, त्याचा विसावा अहवाल २०२२ मध्ये आला. त्या रेघेवरून मग ठरतं की किती वीज लागणार, ती कशातून करायची, कोळसा की पाणी की सौर, आणि तारा कुठून कुठे न्यायच्या. धरण, सोलर पार्क, टॉवरची लाईन, हे सगळं नंतर येतं. आधी येते ती ही रेघ, आणि रेघ सुरू होते मीटरपासून.

ज्या घरात मीटर नाही त्याची मागची विक्री शून्य. शून्याला वर्षाला सहा टक्क्यांनी वाढवा नाहीतर साठ टक्क्यांनी, वीस वर्षांनीही तिथे शून्यच येतं. त्यात आपल्याकडे २००४ पासूनची व्याख्या अशी की गावात ट्रान्सफॉर्मर आणि तारा आल्या, शाळा-पंचायत वगैरे ठिकाणी वीज पोचली आणि दहा टक्के घरांत कनेक्शन दिलं की गाव विद्युतीकृत. म्हणजे मुख्य गावठाणात दहा घरांत दिवा लागला आणि टेकड्यांवर विखुरलेले नऊ पाडे अंधारात राहिले तरी कागदावर गाव उजळलं. एप्रिल २०१८ मध्ये मणिपूरमधलं लेइसांग हे देशातलं शेवटचं गाव उजळलं म्हणून जाहीर झालं तेव्हा ऑफिसात सगळे खूष होते, मीही होते, आणि त्याच संध्याकाळी मला त्या शाळेची खोली आठवली.

आमच्या त्या अहवालात दुर्गम पाड्यांसाठी एक ओळ होती आणि तिच्यापुढे मी लिहिलं होतं, "नगण्य". राज्याची मागणी वीसेक हजार मेगावॅटच्या घरात असताना काही पाड्यांचे पाच-पन्नास किलोवॅट हे गणिताच्या भाषेत नगण्यच असतात, त्यामुळे गणित चुकलेलं नव्हतं. पण हा शब्द मी माणसांच्या नावापुढे लिहिला याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण तोच पाडा दुसऱ्या नकाशावर अजिबात नगण्य नसतो. निर्मितीचा नकाशा काढायला बसलं की दरी बघितली जाते, उतार बघितला जातो, पाणी, जंगल, कमी वस्तीची जमीन. मागणीच्या कागदावर ज्यांचं नाव नाही त्यांचीच जमीन निर्मितीच्या कागदावर सगळ्यात आधी येते. मला या सगळ्यातून कळलेली एकच गोष्ट सांग म्हटलं तर मी ही सांगेन. आदिवासींशी सल्लामसलत वगैरे जे म्हणतात ते जवळजवळ नेहमी दुसऱ्या कागदाच्या वेळी होतं, पहिल्या कागदाच्या वेळी त्यांना कोणी विचारत नाही.

नर्मदेचंच बघा नं. १९६१ मध्ये सरदार सरोवर धरणाची पायाभरणी. १९६९ मध्ये लवाद नेमला, राज्याराज्यांत पाणी आणि वीज वाटायला, आणि १९७९ मध्ये निवाडा आला. विजेचा वाटा मध्य प्रदेश ५७ टक्के, महाराष्ट्र २७, गुजरात १६. लवादापुढे पक्षकार म्हणून राज्यं होती. महाराष्ट्राने आपले २७ टक्के मिळवले ते ज्या दरीच्या जोरावर, त्या दरीतली अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजेच धडगाव) तालुक्यातली ३३ आदिवासी गावं मात्र पक्षकार नव्हती. निवाड्यात त्यांच्याबद्दल लिहिलंय, जमिनीला जमीन, कुटुंबाला किमान दोन हेक्टर, आणि त्या काळाच्या मानाने ही अट चांगली होती, ती तशी पाळली गेली असती तर बरंच दुःख टळलं असतं. पण तिथेही प्रश्न "तुम्ही कुठे जाल" एवढाच, आणि जायचं की नाही हे ठरून गेलेलं. जागतिक बँकेने १९८५ मध्ये कर्ज दिलं, मग आंदोलन, मग बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा १९९२ चा अहवाल, १९९३ मध्ये बँकेचा काढता पाय. हे सगळं तुम्हाला माहीत असेल. पाण्याखाली गेलेल्या मणिबेलीचं नाव पेपरात वाचत आमची पिढी मोठी झाली.

बिलगाव मात्र फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून तिथे जरा थांबते.

बिलगाव धडगाव तालुक्यातलंच, उदई नदीच्या काठी, आणि नदीला तिथे एक धबधबा होता. गावात वीज नव्हती. नर्मदा आंदोलनाच्या लोकांनी आणि केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीच्या इंजिनिअर मुलांनी गावाबरोबर बसून ठरवलं की या धबधब्यावर छोटा वीजप्रकल्प होऊ शकतो. गावाने श्रमदान केलं, दगड वाहिले, बांध घातला, परदेशातल्या भारतीयांच्या एका संस्थेने पैशाला हातभार लावला आणि २००३ मध्ये १५ किलोवॅटचं यंत्र फिरायला लागलं. सुमारे १८० घरं. पंधरा हजार भागिले एकशेऐंशी केलं की घरटी ८३ वॅट येतात. आज माझ्या घरातला मिक्सर याच्या सहापट ओढतो. पण ८३ वॅटमध्ये प्रत्येक घरी दोन दिवे लागतात, शाळेत उजेड येतो, मुलं रात्री वाचतात. आणि मुख्य म्हणजे दिवे किती, कुणाला, किती वेळ, यंत्राकडे कोण बघणार, पैसे किती काढायचे, हे गावाने बसून ठरवलेलं होतं. विजेचं नियोजन म्हणतात ते हेच. मला पगार देऊन जे करायला लावत होते तेच काम, फक्त ज्यांची वीज त्यांनीच केलेलं.

२००६ मध्ये सरदार सरोवराच्या भिंतीची उंची १२१.९२ मीटरपर्यंत न्यायला परवानगी मिळाली आणि त्याच पावसाळ्यात बिलगावचा तो प्रकल्प पाण्याखाली गेला.

सरदार सरोवराची स्थापित क्षमता १४५० मेगावॅट. बिलगावची १५ किलोवॅट. मोठ्याने लहान गिळलं असं म्हणून हळहळणं सोपं आहे, मला त्याच्यापेक्षा वेगळी गोष्ट टोचते. एकही आराखडा करताना बिलगावचे ते १५ किलोवॅट कोणी हिशोबात धरलेच नव्हते, ना मागणी म्हणून ना निर्मिती म्हणून. म्हणजे ते बुडाले तेव्हा कुठल्याच तक्त्यात काही कमी झालं नाही.

आता कायदा काय म्हणतो तेही बघू. १९९६ च्या पेसा कायद्यात आहे की अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करायचा. २००६ चा वनहक्क कायदा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तर आधी संमती घ्या असंच आहे. चांगले कायदे आहेत आणि ते भांडून मिळवलेले आहेत. पण वाचून बघा, तिन्ही जमिनीपाशी, जंगलापाशी सुरू होतात, म्हणजे प्रकल्प ठरला, जागा ठरली, मग ग्रामसभा. शिवाय फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने रस्ते, कालवे, पाईपलाईन आणि विजेच्या लाईनी यांसारख्या लांबलचक प्रकल्पांना वनजमिनीसाठी लागणाऱ्या ग्रामसभेच्या संमतीतून बऱ्याच अंशी मोकळं केलं. म्हणजे टॉवर जंगलातून जाणार तर बहुतेक वेळा विचारायचीही गरज उरली नाही.

पहिल्या कागदाबद्दल २००३ च्या वीज कायद्यात एक ओळ आहे. वीज प्राधिकरणाने राष्ट्रीय वीज आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करायचा आणि कंपन्यांकडून आणि जनतेकडून सूचना-हरकती मागवायच्या. जनतेकडून! मला ही ओळ फार आवडते, कारण तिच्यात दार उघडं आहे. फक्त त्या दारापर्यंत धडगावहून पोचायचं कसं? शेकडो पानांचा इंग्रजी मसुदा, वेबसाईटवर, उत्तर द्यायला ठरावीक दिवसांची मुदत. आजीच्या पाड्यावर मोबाईलची रेंज घ्यायला टेकडीवर जावं लागायचं. पावरी, भिली, मावची, गोंडी, कोरकू यातल्या एका भाषेत चार पानांचा सारांश करायला असा किती खर्च येईल, आमच्या एका मीटिंगच्या हॉटेलच्या बिलाएवढाही नाही.

आणि विचारलं तर लोकांना उत्तर देता येत नाही असंही नाही. २०१३ मध्ये ओडिशात नियमगिरीवर बारा ग्रामसभा झाल्या, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने, बॉक्साईटच्या खाणीबद्दल, आणि बाराच्या बाराने नाही म्हणून सांगितलं. पण तेव्हा डोंगराखाली लांजीगडला वेदांता कंपनीचा कारखाना आधीच उभा होता. इतका पैसा ओतून झाल्यावर विचारलं. आधी विचारलं असतं तर कंपनीचाही फायदाच होता की.

माझी कॉलेजची मैत्रीण व्हँकुव्हरला असते, ती पण याच क्षेत्रात. तिला एकदा रात्री फोनवर हे सगळं बोलून दाखवलं तर ती म्हणाली, अगं इकडेही अशीच सुरुवात होती. ब्रिटिश कोलंबियात पीस नदीवर १९६८ मध्ये बेनेट धरण झालं, केवढा तरी मोठा जलाशय झाला, आणि त्से के डेने या आदिवासी लोकांची दरी त्यात गेली, शिकारीच्या वाटा, घरं, पुरलेली माणसं. त्यानंतर अनेक दशकं त्यांच्या वस्तीत वीज यायची ती डिझेल जनरेटरची. ज्यांच्या नदीतून प्रांताला एवढी वीज मिळते त्यांच्या घरात डिझेलचा धूर. मी म्हटलं हे तर आपलंच झालं.

पण तिकडे नंतर काही गोष्टी हलल्या. २०१० मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टापुढे एक खटला आला. १९५० च्या दशकात नेचाको नदीवर ॲल्युमिनियमच्या कारखान्यासाठी केनी धरण बांधलं, १९५२ मध्ये चेस्लाटा लोकांना जेमतेम दोन आठवड्यांत घरं सोडायला लावली, आणि आता त्याच विजेच्या खरेदीचा नवा करार होता. त्याच नदीखोऱ्यातले कॅरियर सेकानी आदिवासी म्हणाले आमच्याशी बोलल्याशिवाय करार कसा करता. कोर्टाने त्यांच्या विरोधात निकाल दिला, म्हणाले जुना अन्याय एवढ्यावर नवी चर्चा बंधनकारक होत नाही. मला तो भाग पटत नाही, जुनी जखम वाहत असताना नवीन कागदावर ती दिसत नाही म्हणणं कसं चालेल? पण त्याच निकालात कोर्टाने हेही सांगितलं की सल्लामसलतीचं कर्तव्य फक्त जमिनीला कुदळ लागते तेव्हाचं नाही, वरच्या पातळीवरच्या धोरणाच्या, नियोजनाच्या निर्णयांनाही ते लागू होतं. पहिल्या कागदालाही. मी ते वाक्य वहीत उतरवून ठेवलंय.

आणि ओंटारियोत वताय नावाची लाईन झाली. वतायनिकनेयाप हे पूर्ण नाव, तिथल्या वडीलधाऱ्यांनी दिलेलं, अर्थ प्रकाश आणणारी लाईन. सुमारे १८०० किलोमीटर, डिझेलवर जगणाऱ्या १७ दुर्गम वस्त्यांसाठी, आणि कंपनीत ५१ टक्के मालकी २४ फर्स्ट नेशन्सची, म्हणजे तिथल्या आदिवासी समूहांची. तिकडे सगळं चांगलं चाललंय असं मैत्रीण म्हणत नाही, त्याच पीस नदीवर आणखी एक धरण विरोध आणि खटले होऊनही २०२४ मध्ये भरलंच. पण ५१ टक्के ऐकल्यावर मला आमचा "बाधित" हा शब्द आठवला. आमच्या कागदांत आदिवासी एकतर लाभार्थी असतो नाहीतर बाधित. भागीदार असा रकानाच मी कधी बघितला नाही.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे सह्याद्री. दुपारी सौर वीज जास्त होते, संध्याकाळी सगळे घरी आले की कमी पडते, तर दुपारच्या विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. आपल्याकडे घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे, अकोले तालुक्यात वर एक तळं आणि खाली कोकणाच्या अंगाला दुसरं. कल्पना चांगलीच आहे, कोळसा कमी जाळायचा तर साठवण लागणार, मी विरोधात नाही. आता राज्याने अशा बऱ्याच प्रकल्पांचे करार केलेत आणि जागा शोधल्या जातायत त्या घाटमाथ्यावर, त्यातल्या काही महादेव कोळी, ठाकर, कातकऱ्यांच्या मुलखात. रेघ ओढून झालीय. संध्याकाळी इतके मेगावॅट कमी पडणार हे ठरलंय. ही संध्याकाळ कुणाची, कुठल्या शहरातल्या कुठल्या एसीची, हे त्या वाड्या-पाड्यांवर जाऊन कोणी सांगितलंय का? तुमच्या डोंगरावर तळं होणार, त्यातून अमुक वीज निघणार, तुमच्या वाडीला त्यातली किती हवी, की तळंच नको, की दुसरीकडे करा, की मालकीत वाटा द्या. हे आत्ता विचारता येईल. जमिनीची नोटीस निघाल्यावर नाही.

"त्यांना वीस वर्षांचं नियोजन काय कळणार" असं एका बैठकीत मी ऐकलंय. म्हणून त्या शाळेत पुढे काय झालं ते सांगते.

आजीच्या प्रश्नानंतर मी फॉर्म बाजूला ठेवला आणि गुरुजींना म्हटलं, असं विचारा की वीस वर्षांनी इथे काय काय असायला हवं. एका बाईच्या मांडीवर सहा-सात महिन्यांची मुलगी होती. गुरुजींनी तिच्याकडे बोट करून विचारलं, ही वीस वर्षांची होईल तेव्हा? आणि मग खोली बोलायला लागली. एक बाबा म्हणाले यंदा मोह लावला तर दहा वर्षांनी फुलं येतील, म्हणजे तिच्या लग्नाच्या आधी. आढ्याला मक्याची कणसं बियाणं म्हणून टांगलेली असतात त्यातली चांगली कुठली हे कोण ठरवतं त्यावरून एक गोष्ट निघाली. मग झऱ्यावरून पाणी चढवायला मोटर. दवाखान्यात लस गार ठेवायला फ्रीज, कारण लस खालून येते आणि पावसाळ्यात रस्ता तुटतो. दिवा कोणीतरी तिसऱ्या-चौथ्या नंबरवर सांगितला, मी तो पहिल्यांदा येईल म्हणून धरून बसले होते. आणि सगळ्यात आधी, सगळ्या बायकांनी एकदम सांगितली ती पिठाची गिरणी. जवळची गिरणी डोंगर उतरून, डोक्यावर पायली घेऊन, जायला-यायला निम्मा दिवस, आणि गेल्यावर डीपी जळालेली असली तर तसंच परत. नाहीतर घरी जातं.

मी फॉर्म उलटा केला आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. गिरणी, एक, पाच एचपी, म्हणजे पावणेचार किलोवॅट. वेळ, सकाळी. आमच्याकडे गिरण्या सकाळी चालतात म्हणून तसंच लिहिलं.

आजी उठून माझ्याजवळ येऊन बसली. कागदाकडे बघितलं, गुरुजींना काहीतरी म्हणाली. "वाचून दाखव म्हणते." गुरुजींनी एकेक ओळ पावरीत वाचली, मोटर, फ्रीज, दिवे, आणि गिरणीपाशी आल्यावर आजीने कागदावर बोट ठेवलं. सकाळी आम्ही रानात असतो, म्हणाली. गिरणी संध्याकाळी लिही.

मी "सकाळी" खोडलं आणि "संध्याकाळी" लिहिलं. तिने बोट काढलं नव्हतं. गुरुजींनी ती ओळ परत एकदा वाचली, मग काढलं.